दोघांची होडी एकट्याने: धरणावरच्या हिवाळी शर्यतींच्या नोंदी

एंटरप्राइज ही दोन माणसांची होडी. लांबी ४.०४ मीटर, मेनसेल (मुख्य शीड) आणि जिब (पुढचं लहान शीड) अशी दोन शिडं, स्पिनेकर (पाठच्या वाऱ्याला लावायचं फुगरं शीड) नाही. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये तिचा आराखडा केला तेव्हापासून एक जण सुकाणूवर आणि एक जण जिबवर असं धरूनच तिचे दोर लावले जातात. तेच दोर एका माणसाच्या हाताशी आणायचं काम मी या हिवाळ्यात केलं. नेव्हीतून निवृत्त होऊन गावी आलो, मळ्यात केळी आहे, रविवार तेवढा मोकळा असतो. दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर माझे पैसे आणि दिवस जिथे वाया गेले तिथे त्याचे जाऊ नयेत म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

मागच्या हिवाळ्यात ठरवलेल्या आठ शर्यतींपैकी पाच झाल्याच नाहीत. वारा होता, पाणी होतं, होड्या तयार होत्या, दुसरा माणूस मात्र मिळाला नाही. कुणाकडे कापूस वेचणी, कुणाच्या केळीच्या गाड्या भरायच्या, वरणगाव फॅक्टरीतल्या काकांची शिफ्ट, भुसावळला रेल्वेत असलेल्या सरांची ड्युटी. चार होड्यांना सात माणसं एकाच रविवारी गोळा करणं इकडे जमत नाही.

आज मळ्यात बसून ठरवलं: यंदा प्रत्येक होडीवर एकच माणूस. तीन एंटरप्राइज (माझी, काकांची, सरांची) आणि गुरुजींची लेझर. लेझर मुळातच एकट्याची, त्यामुळे गुरुजींना काही बदलायचं नाही. आम्हा तिघांना बरंच बदलायचं आहे.

धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. परवानगी एका मोसमापुरती आहे, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा मध्यम प्रकल्प एवढं पुरे. हतनूरचा विचार झाला होता. तापी-पूर्णेच्या संगमाखालचं ते पाणी रुंद आहे, पण गाळाने उथळ झालंय आणि थंडीत तिथे बाहेरचे पक्षी उतरतात. त्यांच्या थव्यांत शिडं घेऊन शिरणं आमच्यापैकी कुणालाच पटलं नाही.

१० ऑक्टोबर

होडी गावातल्या कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर नेऊन तोलली. डोलकाठी, बूम (मेनसेलच्या खालची आडवी दांडी), शिडं काढून नुसतं अंग ११८ किलो भरलं. या वर्गाचं अंग ९४ किलोचं असतं. म्हणजे चोवीस किलो जास्त, आणि ते बहुतेक पाणीच.

हे आधीच करायला हवं होतं. दोन वर्षं मी "होडी जड चालते" म्हणत शिडाच्या मागे लागलो होतो.

१३ ते २१ ऑक्टोबर

बाजूच्या हवाबंद कप्प्यांची झाकणं उघडली. डाव्या कप्प्यात टॉर्च मारला तर तळाला पाणी चमकलं. सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीच्या) पेटीच्या सांध्याला केसाएवढी भेग होती. जळगावच्या एमआयडीसीतल्या फायबरवाल्याकडून रेझिन, हार्डनर आणि मॅट आणली.

पहिलं ठिगळ दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मारलं. जागा हाताला कोरडी लागत होती म्हणून मारलं. तीन दिवसांनी नखाने कोपरा उचलला तर अख्खं ठिगळ केळीच्या सालीसारखं निघून आलं. आतलं फायबर ओलंच होतं. दुसरं ठिगळ दुपारी दोनला, ऑक्टोबरच्या उन्हात मारायला घेतलं. हार्डनर नेहमीसारखं शंभराला दोन टाकलं आणि रेझिन डब्यातच धरलं. डबा हाताला चटका बसावा इतका तापला. अर्धा माल तिथेच गेला.

मग पाच दिवस कप्प्यांत टेबलफॅन लावून ठेवला. तिसरं ठिगळ संध्याकाळी सहानंतर, हार्डनर शंभराला एक, आणि चहाच्या कपाएवढंच रेझिन एका वेळी कालवून. ते पक्कं बसलं. पुन्हा काट्यावर नेली तर १०१ किलो. उरलेले सात किलो जुन्या दुरुस्त्यांचे असावेत, त्यांच्या मागे लागलो नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस या सगळ्या कामातला सर्वांत कामाचा, आणि होडी पाण्याला लागलीसुद्धा नाही.

होडी दोन घोड्यांवर (आधाराच्या चौकटींवर) ठेवून, डोलकाठी उभी करून मी आत बसलो. भाच्याला वही घेऊन बाजूला बसवलं. नियम एकच: एक हात टिलरवरून (सुकाणूच्या दांड्यावरून) सुटता कामा नये. मग शर्यतीत लागणारी एकेक गोष्ट करून बघितली. मेनशीट (मेनसेल ओढायचा दोर; शीट म्हणजे शिडाचा दोर) हाताशी येते. जिबच्या दोन्ही शीट पुढच्या माणसासाठी बांधलेल्या, त्या धरायला मला अर्धं अंग पुढे टाकावं लागतं. सेंटरबोर्ड वर घ्यायला टिलर सोडावाच लागतो. किकर, म्हणजे बूम खाली ओढून धरणारा दोर, डोलकाठीच्या बुंध्याशी. तो तर पायानेही लागत नाही. भाच्याच्या वहीत नऊ ओळी झाल्या, त्यातल्या सहा "हात पोचत नाही."

त्यावरून आखणी केली:

जिबच्या शीट मागे आणून, मी बसतो तिथे दोन्ही कडांना कॅम क्लीट (दोर पकडून धरणारे चाप). किकरचा दोर डोलकाठीच्या बुंध्यातल्या पुलीतून वळवून सेंटरबोर्डच्या पेटीवर. सेंटरबोर्ड खाली धरायला पेटीत ताणाचं रबर. टिलरला लांब दांडी, म्हणजे कडेवर बसून बाहेर झुकता येईल. जिब एका दोराने गुंडाळणारा ड्रम. टिलर दहा सेकंद जागेवर धरायला आडवा रबरी दोर.

दिवाळी तोंडावर आहे, काम नंतर.

१० नोव्हेंबर, रविवार

सगळं बसवून पहिल्यांदा पाण्यात. तीन गोष्टी मोडल्या.

एक, पुल्या. गावातल्या हार्डवेअरमध्ये पडद्याच्या दोरीच्या पुल्या मिळतात, त्या सहा घेतल्या होत्या, २८० रुपयांच्या. किकरवरची दुसऱ्याच झोताला दुभंगली आणि तिचा तुकडा कानाजवळून गेला. सगळ्या काढून टाकल्या. बॉलबेअरिंगच्या चांगल्या पुल्या मुंबईहून मागवल्या, ५,२०० रुपये. इथे काटकसर करू नका.

दोन, जिब वर ओढायचा दोर. नायलॉनचा घेतला होता, कारण इकडे तोच दिसतो. नायलॉन ताणतं. वारा वाढला की जिबची पुढची कड पोटासारखी सुटते आणि होडी वाऱ्याकडे चढत नाही. ट्रॉलीला ताडपत्री बांधायला तो उत्तम, इथे पॉलिस्टरच लागतो. ८५० रुपये गेले.

तीन, सेंटरबोर्डचं रबर. सायकलची ट्यूब कापून लावली होती, ती पहिल्या दिवशी चालली. आठवड्याने उन्हात ठिसूळ होऊन तुटली (हे पुढच्या रविवारी कळलं). आता गोल इलॅस्टिक दोर लावलाय.

क्लीटमध्ये मात्र चूक माझ्या डोक्यातली. ते मी आडवे बसवले होते. शीट आत अडकते झटक्यात, पण कडेवर बसून ओढताना वर खेचली जाते आणि सुटत नाही. खाली लाकडाची पाचर ठेवून ते माझ्याकडे तिरके केले. आता मनगट वर उचललं की शीट सुटते.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहिला शर्यतीचा दिवस. एकही शर्यत पूर्ण नाही.

गुरुजी २० तारखेच्या विधानसभा मतदानाच्या तयारीत अडकलेले, तेव्हा आम्ही तिघंच. सकाळी नऊला पहिली शिट्टी ठेवली होती. पाणी तव्यासारखं सपाट, धूर सरळ वर. नियमाप्रमाणे पाच मिनिटांची, चारची, एकची, शून्याची अशा चार शिट्ट्या भाच्याने बांधावरून दिल्या आणि आम्ही रेषेवर तसेच उभे. अंग हलवून, शीड पंपासारखं ओढून होडी पुढे नेणं नियमात बसत नाही. पाऊण तासात पहिला बोयाही (वळणाची तरंगती खूण) आला नाही. वेळेची मर्यादा संपली, शर्यत रद्द.

साडेदहाला ऊन तापलं आणि वारा आपोआप सुटला. यापुढे पहिली शिट्टी अकराला. मागच्या वर्षीही नऊलाच जमायचो. त्यातल्या काही शर्यती माणसाअभावी बुडाल्या असं म्हणतो खरे, पण अर्धी गर्दी थंडीत बसून कंटाळून जायची, हेही खरं.

२४ नोव्हेंबर, रविवार

उलटलो.

वारा पाठीमागून होता, दुसऱ्या फेरीतल्या बोयाशी जाइब करायचा होता. म्हणजे होडीची पाठ वाऱ्यातून फिरते आणि बूम एका बाजूने दुसऱ्या बाजूला फाडकन येतो. दोघं असताना पुढचा माणूस बूमला हात देतो. मी टिलर ढकलला, डोकं खाली घातलं, आणि बूम लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात अडकला. माझं वजन ६२ किलो, ते सगळं चुकीच्या बाजूला. दोन सेकंदांत पाण्यात.

होडी आडवी पडली तर सेंटरबोर्डवर उभं राहून उचलता येते. ही आडवी थांबलीच नाही, पूर्ण उलटी झाली, आणि डोलकाठीचं टोक तळाच्या गाळात रुतलं. धरणाच्या तळाची ती काळी माती म्हणजे चिकटा. सेंटरबोर्डवर उभा राहून मी अंग झुलवत होतो आणि होडी तसूभर हलत नव्हती. अंगात थंडी भरली, दात वाजायला लागले, बोटांनी दोर धरवेना. भोई मामांची इंजिनवाली होडी बचावाला ठेवलेली होती. त्यांनी डोलकाठीच्या दिशेने नव्हे तर आडवं ओढलं, तेव्हा टोक सुटलं. सगळे मिळून पंचवीस मिनिटं. बचाव होडी दिवसाला १,६०० रुपये घेते, चौघांत वाटून ४००. आज ती नसती तर काय, हा विचार घरी आल्यावर आला.

नंतरच्या आठवड्यात केलेलं काम:

डोलकाठीच्या टोकाला पाच लिटरचे तेलाचे दोन रिकामे कॅन, झाकणं सील करून, घट्ट बांधले. खर्च दोर आणि सीलंटचा, ९० रुपये. कॅन हवा धरतात, त्यामुळे होडी आडवी पडून तिथेच थांबते. काठावर चार वेळा मुद्दाम उलटवून खात्री केली. दिसायला ते खराब दिसतात, मला त्याचं काही वाटत नाही.

दोन्ही कडांखाली गाठी मारलेला दोर, उलटल्यावर धरून चढायला.

उचलण्याआधी मेनशीट आणि जिब दोन्ही मोकळ्या सोडायच्या आणि पोहत पोहत होडीचं नाक वाऱ्याकडे आणायचं. नाहीतर उभी झालेली होडी लगेच वारा भरते आणि तुमच्या अंगावर पुन्हा पडते. चारपैकी पहिल्या वेळी हेच झालं.

आणि वारा जोराचा असेल तर एकट्याने जाइब करायचाच नाही. उलटं वाऱ्याकडे वळून टॅक मारायचा (होडीचं नाक वाऱ्यातून फिरवायचं) आणि पूर्ण चक्कर घेऊन बोया गाठायचा. वीसेक सेकंद जातात. पंचवीस मिनिटांपुढे ते काहीच नाहीत.

८ डिसेंबर, रविवार

मस्त वारा, दोन शर्यती.

लेझर आणि एंटरप्राइज एकत्र पळवायच्या तर यार्डस्टिक आकडा (होड्यांच्या वेगातला फरक भरून काढणारा) लागतो: लागलेले सेकंद गुणिले १०००, भागिले होडीचा आकडा. आम्ही एंटरप्राइजला ११२२ आणि लेझरला ११०० धरलाय. पहिल्या शर्यतीत गुरुजी ५२ मिनिटांत आले, मी ५३ मिनिटांत. म्हणजे ते ३,१२० सेकंद आणि मी ३,१८०. भागाकार केला तर त्यांचे २,८३६ आणि माझे २,८३४. दोन सेकंदांनी मी पहिला. भाच्याने तीनदा करून बघितलं, गुरुजींनी स्वतः चौथ्यांदा. दुसरी शर्यत त्यांनी सहज काढली.

ही दोन सेकंदं कुठून आली ते मला माहीत आहे. गेले दोन आठवडे रोज रात्री घोड्यांवरच्या होडीत बसून टॅकची तालीम केली: जिब सोड, टिलर ढकल, डोकं खाली, पाठीमागून हात बदल, नव्या बाजूची जिब ओढ. आधी चौथं आणि पाचवं एकमेकांत अडकायचं आणि होडी वाऱ्यात तोंड करून उभी राहायची. हात बदलल्याशिवाय जिबला शिवायचंच नाही असं बोटांना लावून घेतलं, तेव्हा जमलं. सर आणि काका अजून जिब आधी ओढतात.

नंतर मळ्यात भरीत-भाकरी झाली. बामणोदची वांगी, काड्यांवर भाजलेली, कळण्याची भाकरी. या नोंदीत तिचं काम नाही, पण चौघंही थांबतात ते तिच्यामुळे.

२२ डिसेंबर, रविवार

तिसऱ्या बोयाजवळ होडी अचानक थांबली, जणू कुणी मागून धरलं. सेंटरबोर्ड आणि सुकाणू दोन्हींत जाळं. पाण्याखाली ताणलेलं, वर थर्मोकोलचा एक तुकडा तरंगत होता तो मी कचरा समजलो. अशा वेळी आधी सेंटरबोर्ड वर घ्यायचा, मग शिडं सोडायची. मी उलटं केलं आणि जाळं आणखी गुंतलं. चाकू लावावा लागला. शेवटून पहिला, म्हणजे चौथा आलो.

जाळं ज्यांचं होतं ते मामा बांधावर उभे होते. "मन्हं जाळं फाटनं भो, आते काय?" आरडाओरड काही नाही, एवढंच. १,५०० रुपये दिले. ते पाणी आधी त्यांचं आहे, आम्ही रविवारचे पाहुणे. त्यांच्याच सोबत बसून कागदावर धरण काढलं, जाळी कुठे असतात ते त्यांनी दाखवलं आणि तिसरा बोया पूर्वेला दोनशे पावलं सरकवला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. नंतर एकदाही जाळं लागलं नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

रब्बीचं आवर्तन सुटलंय. पंधरा दिवसांत पाणी एवढं मागे गेलं की जिथे होडी उतरवायचो तिथपासून काठापर्यंत गुडघाभर चिखल. ट्रॉली रुतली. केळीची वाळलेली पानं आणि जुने बारदान अंथरून वाट केली तेव्हा दोन तासांनी होड्या पाण्यात.

पाणी उतरलं की बुडालेली झाडं वर येतात. पहिल्या शर्यतीत सेंटरबोर्ड बाभळीच्या खोडावर आपटला, टोकाचा तुकडा गेला. मी तिसरा आलो. रबर सैल ठेवलं असतं तर बोर्ड आपोआप वर झाला असता. घट्ट रबर खोल पाण्यात बरं, जानेवारीत सैलच हवं. यापुढे आदल्या दिवशी डोंग्यातून बांबूने खोली मोजत फेरी मारायची आणि वर न दिसणाऱ्या खोडांना लाल कापड बांधायचं.

१९ जानेवारी, रविवार

मोसमातला सर्वांत जोराचा वारा, डोंगराकडून. एंटरप्राइजची शिडं दोन माणसांच्या वजनाला बेतलेली, माझ्या ६२ किलोंना ती फार होतात. म्हणून डिसेंबरात जळगावला ताडपत्री शिवणाऱ्याकडून मेनसेलला रीफची (शीड खालून गुंडाळून लहान करायची) एक ओळ शिवून घेतली होती, ७०० रुपये. खालचं शीड हातभर गुंडाळून बांधलं आणि जिब ड्रमवर अर्धी.

काठावर सरांनी बघितलं आणि म्हणाले, "एवढं कमी?" पहिल्या लाटेला ते आडवे झाले, नंतर काका. गुरुजी दोनदा उलटले तरी पहिल्या शर्यतीत तिसरे आले. मी दोन्ही शर्यती जिंकलो, एकदाही न उलटता, आणि होडी पूर्ण शिडापेक्षा वेगात चालली, कारण ती सरळ उभी होती. रीफ काठावरच बांधून निघायचं. पाण्यात एकट्याने बांधायला गेलात तर टिलर सुटतो.

२ फेब्रुवारी, रविवार

शेवटची शर्यत, मी दुसरा. एकूण नऊ शर्यती पूर्ण झाल्या. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, पूर्ण न करणाऱ्याला पाच, आणि प्रत्येकाची एक वाईट शर्यत वजा. गुरुजी १० गुणांनी पहिले, मी १६ ने दुसरा. चौघांपैकी एकाचीही एकही शर्यत माणूस नाही म्हणून बुडाली नाही.

९ फेब्रुवारी

होडी मळ्यातल्या शेडमध्ये पालथी. माझा हिशेब: फायबरचं सामान ३,४००, दोन क्लीट ३,६००, दोर २,९००, पडद्याच्या पुल्या २८०, चांगल्या पुल्या ५,२००, जुना ड्रम ४,२००, कॅन ९०, जाळं १,५००, रीफ ७००, बचाव होडीचे सात दिवस २,८००. एकूण २४,६७०. त्यातले रेझिनचे १,७००, नायलॉनचे ८५० आणि पुल्यांचे २८० निव्वळ वाया.

सेंटरबोर्डचं टोक अजून तसंच तुटलेलं आहे. ते मार्चच्या उन्हात नीट वाळेल, तेव्हा भरेन, संध्याकाळी सहानंतर. काकांची होडी पुढच्या रविवारी काट्यावर न्यायची आहे.